साडेतीन हजारांचा डबा

राजारामपुरीत, शिकलगारांच्या दुकानात
काचेच्या काउंटरवर
दस्तगीरभाईंनी दोन्ही मोडेम शेजारी शेजारी ठेवले:
एक हिरवी पातळ पट्टी, साडेसहाशेची,
एक काळा डबा, साडेतीन हजारांचा,
पुढं लाल दिवे, मागं शेपूट.

"ह्यो आतला. ह्येला सोताचं डोकं न्हाई.
समदा इचार तुमच्या कॉम्प्युटरनं करायचा,
ह्यो नुसता फोनच्या तारंला तोंड लावून बसनार.
आन ह्यो भाईरचा. ह्येचं ह्यो बघतोय."

अण्णांनी दोन्ही हातांत घेऊन पाहिले.
बिडाचं कास्टिंग ते असंच बघतात,
तळव्यावर जरा उडवून;
आत पोकळ राहिलं असेल तर हाताला कळतं म्हणतात.
डबा हातात थोडा जास्त वेळ राहिला.
मग त्यांनी पट्टी माझ्याकडं दिली.
कोकचं बिल थकलं होतं
आणि मोल्डरांचा पगार शनिवारी.
"चालंल न्हवं ह्याच्यावर?"
"चालंल," मी म्हणाले.

चालायचंही.
उद्यमनगरातल्या लेथ अकरानंतर गप्प झाल्या
की लाइन जरा निवळायची.
शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी,
मग सोयरीक जमल्यासारखी शांतता,
आणि पुण्याहून उतरू लागायचं
पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग, दोन एमबी.
मी श्वाससुद्धा हळू घ्यायची.
कारण बत्तीस एमबीचं आमचं ते यंत्र
एका वेळी विचार तरी करायचं
नाहीतर बोलायचं तरी.
हिशेबाची वही उघडली, लाइन गेली.
माउस जोरात हलवला, गेली.
एकदा ऐंशी टक्क्यांवर गेली
म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावली,
तर भिंतीपलीकडं घरातला पॅरलल फोन उचलून
काकी ओरडली, "अगं, कोणतर किंचाळतंय हितं आत!"

बाहुबली त्या पट्टीला शिव्या द्यायचा.
मला वाईट वाटायचं ते कॉम्प्युटरचं.
अण्णांची कोटेशनं, बाहुबलीचे कॉलेजचे फॉर्म,
काकीच्या विम्याच्या तारखा,
कुठल्या मोल्डरला किती उचल दिली,
सगळं एकाच डोक्यात,
आणि वर कुणी आलं की हसून बोलायचंही.
मीही कधी कधी मधेच तुटायची.
कुणी पुन्हा डायल करायचं नाही.

दिवाळीनंतर माझी भिशी लागली. चार हजार.
आई म्हणाली, पाटल्यांत भर घाल.
मी केएमटीनं राजारामपुरीला गेले.
दस्तगीरभाईंनी काही विचारलं नाही,
नऊ पिनांची केबल फुकट दिली,
तिचे स्क्रू बोटांनी फिरवून दाखवले.
"लई आवळू नका. पन सैल बी सोडू नका."

त्या रात्री अण्णा मागं येऊन उभे राहिले,
भट्टीकडं निळ्या काचेतनं बघतात
तसे त्या दिव्यांकडं बघत.
एक स्थिर. दोन लुकलुकते.
ड्रॉइंग उतरत असतानाच मी
हिशेबाची वही उघडली.
काही झालं नाही.
उगीच माउस फिरवला, गोल गोल.
काही झालं नाही.

"कितीला पडला?"
मी सांगितलं.
"आनी त्यो आतला परत घेत्यात?"
"न्हाई."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग वाकून डब्यावर हात ठेवला.
"कोमट लागतोय की," म्हणाले,
आणि हात तसाच राहू दिला.

पाऊण वाजता ड्रॉइंग पूर्ण आलं.
कोअरचं माप पुण्याच्या लोकांनीच चुकवलं होतं,
अण्णांनी उभ्या उभ्याच सांगितलं.
सकाळी फोन करावा लागला.